अकरा बार, चौघी मैत्रिणी आणि एकच रात्र

पत्र:

सप्टेंबरात आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी बुडापेस्टला चाललो आहोत. बुधवारी रात्री पोचणार, सोमवारी सकाळी निघणार. सगळ्या सत्तेचाळिशीच्या. एकीला तिथले ‘रुइन बार’, म्हणजे जुन्या पडक्या घरांत थाटलेले बार, बघायचेत. तिने अकरा नावांची यादी पाठवलीय आणि ते सगळे तिला एकाच रात्रीत ‘करायचेत’. दुसरी थेंबभरही घेत नाही, शिवाय शाकाहारी. तिसरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष व्हायचंय. आणि मी चौथी, म्हणजे जिला सगळे ‘तू बघ ना गं’ म्हणतात ती. त्यात माझ्या वाचनात आलं की हे बार आहेत तो भाग दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचा घेट्टो, म्हणजे त्यांना कोंडून ठेवायची वस्ती होता. तिथे जाऊन ग्लास आपटायचे हे मनाला पटत नाहीये. मैत्रिणींना म्हटलं तर म्हणाल्या, मूड घालवू नकोस. ही रात्र आखू कशी?

— आखणीवाली

उत्तर:

प्रिय आखणीवाली,

पहिलं काम आजच करा: त्या अकरातली आठ नावं खोडा. यादीवाली रुसेल, रुसू दे. अकरा ठिकाणी अर्धा-अर्धा तास म्हटलं तरी साडेपाच तास होतात. त्यात चालणं आलं, दारातली रांग आली, काउंटरवर नंबर लागेपर्यंत उभं राहणं आलं आणि चौघींचं आळीपाळीने टॉयलेटला जाणं आलं. शेवटच्या बारमध्ये पोचेपर्यंत पहाट होईल आणि गुडघेवाली मैत्रीण तुमच्याशी पुढची दहा वर्षं बोलणार नाही. शिवाय यादीतली काही नावं रुइन बारची नसणार, नदीच्या दुसऱ्या बाजूचीही असणार, असल्या याद्या तशाच असतात. बुडा आणि पेस्ट ही डॅन्यूबच्या दोन काठांवरची वेगळी गावं होती, ती १८७३ मध्ये ओबुडासह एक झाली. बुडा डोंगराळ, पेस्ट सपाट. तुमच्या गुडघेवालीसाठी एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा: रात्री पेस्ट सोडायचं नाही. रुइन बारही सगळे तिकडेच आहेत.

दुसरं, वार. तुम्ही बहुतेक शनिवारची रात्र धरली असेल. ती सोडा. स्वस्त विमानांनी युरोपभरातून लग्नाआधीच्या पार्ट्यांची टोळकी शुक्रवार-शनिवारी तिथे उतरतात. एकसारखे टी-शर्ट घातलेली बारा पोरं आणि त्यातल्या नवऱ्या मुलाला घातलेला कसला तरी हास्यास्पद वेश, असे घोळकेच्या घोळके दिसतील. गुरुवार घ्या. गर्दी असेल, पण खुर्ची मिळेल.

आणि तिसरं, जे तुमच्या मैत्रिणींना सगळ्यात विचित्र वाटेल: ही ‘रात्र’ दुपारी चार वाजता सुरू करा.

का ते सांगते. रुइन बार म्हणजे मग्यार (हंगेरियन) भाषेत रोमकोच्मा. रोम म्हणजे पडझड झालेली वास्तू, कोच्मा म्हणजे गुत्ता. तिथे बघायचं असतं ते घर, आणि घर उजेडात दिसतं. रात्री अकराला सिंप्ला केर्त या रुइन बारमध्ये शिरलात तर समोरच्या माणसाची पाठ दिसेल, फार तर त्याच्या हातातली बिअर.

चार-साडेचारला गेलात तर वेगळीच गंमत दिसते. कझिंत्सी रस्त्यावर १४ नंबरला साधंसं दार आहे. बोळातून आत गेलं की मधे अंगण, भोवती मजले आणि वर मोकळं आभाळ. आपण वाड्या-चाळींत वाढलेली माणसं, आपल्याला हे ओळखीचं वाटतं. तिथली जुनी बिऱ्हाडंही अशीच असायची: चौकाभोवती तीन-चार मजले, प्रत्येक मजल्याला लोखंडी कठड्याची सलग गॅलरी आणि त्या गॅलरीत उघडणारी सगळ्यांची दारं. या गॅलरीला ते लोक ‘गांग’ म्हणतात. वाळत घातलेले कपडे, शेजारणीला मारलेली हाक, खालून कोण आलं ते वाकून बघणं, सगळं आपल्यासारखंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बारमध्ये शिरतेय असं वाटलंच नाही. कुणाच्या तरी चाळीत न सांगता घुसलोय आणि आता वरून एक आजी ‘कोण पाहिजे?’ म्हणेल असंच वाटत राहिलं.

फक्त या चाळीतली बिऱ्हाडं कधीच गेलीत आणि त्यांच्या खोल्यांत भंगारवाल्याचं स्वप्न भरलंय. कापून सोफा केलेला बाथटब, एकीशी एक न जुळणाऱ्या खुर्च्या, जुन्या टीव्हीचे खोके, वरून लोंबणारी झाडं. अंगणात एक ट्रॅबंट गाडी आहे, छप्पर उडवलेली, आत टेबल टाकून बसायची जागा केलेली. ट्रॅबंट म्हणजे पूर्व जर्मनीची ती प्रसिद्ध डबडा गाडी. तिचं अंग पत्र्याचं नसून कापसाच्या टाकाऊ तंतूंत राळ मिसळून केलेलं असायचं. तिच्यात चौघी मावतील, पण गुडघेवालीला आधी बसवा आणि शेवटी उठवा. वरच्या मजल्यावर जायला जिने आहेत, ते तिने नाही चढले तरी चालेल. खरी मजा तळमजल्याच्या अंगणातच आहे. पेयं प्रत्येकीने काउंटरवर जाऊन आणायची असतात. त्यासाठी एकीने टेबल धरून बसायचं, दोघींनी जायचं. चौथीने फोटो काढायचे, ते काम यादीवालीला द्या.

सप्टेंबरच्या मध्याला तिथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. उजेड जाऊन दिवे लागायला लागले आणि संगीताचा आवाज एक घर वर गेला की उठा. गर्दी आत येत असताना तुम्ही बाहेर पडत असाल. असं सुख रात्रीच्या शहरात क्वचित मिळतं. आठवड्याच्या दिवशी सिंप्ला दुपारीच उघडतं, तरी निघण्याआधी वेळ बघून घ्या.

आता तुमचा घेट्टोबद्दलचा प्रश्न. ‘मूड घालवू नकोस’ म्हणणाऱ्या मैत्रिणींचं मला पटलेलं नाही आणि तुमचंही पूर्ण पटलेलं नाही.

तुम्ही वाचलंत ते खरंच आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये याच सातव्या जिल्ह्यात, एर्झेबेतवारोशमध्ये, घेट्टो ठरवला गेला आणि काही दिवसांत त्याला कुंपण पडलं. थोड्याशा गल्ल्यांत सुमारे ७०,००० माणसं कोंबली होती. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य आलं तेव्हा तो सुटला. मधल्या हिवाळ्यात भुकेने, थंडीने, रोगाने हजारो गेले. युद्धानंतर घरं सरकारजमा झाली, दुरुस्तीकडे कुणी बघेना. १९८९ नंतर पुन्हा खाजगी मालक आले, तर त्यांना घरं नको, जागा हवी होती. बिऱ्हाडं हलवायची, पाडायचं, नवं बांधायचं. त्या पाडापाडीची वाट बघत रिकाम्या पडलेल्या अंगणांत काही तरुणांनी स्वस्त भाड्यावर टेबलं मांडली. सिंप्ला २००२ मध्ये अशीच सुरू झाली आणि २००४ मध्ये कझिंत्सी रस्त्यावर आली. म्हणजे तुम्हाला भिंतीवर जे पोपडे दिसतील ते सजावट म्हणून केलेले नाहीत. (नंतर निघालेल्या काही बारांत केलेले आहेत. नव्या भिंतीला जुने पोपडे काढून देणारे रंगारी मिळत असतील, मला शंका नाही.) बार आले म्हणून काही घरं पाडायची राहिली, हेही त्यातलं एक सत्य आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं की जायचंच, पण पाठच्या दाराने नाही. चारला सिंप्लामध्ये पोचायचं तर अडीचला दोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगपासून (ज्यूंच्या प्रार्थनास्थळापासून) निघा. १८५९ चं हे सिनेगॉग युरोपातलं सगळ्यात मोठं, सुमारे ३,००० माणसं बसतील एवढं. गुरुवारी ते उघडं असतं, शनिवारी पर्यटकांना बंद. गुरुवार धरण्याचं हेही एक कारण. त्याच्या अंगणात घेट्टोत मेलेल्या दोन हजारांहून जास्त माणसांना पुरलंय, कारण त्या हिवाळ्यात दुसरीकडे न्यायची सोयच नव्हती. मागच्या बाजूला इमरे वार्गा या शिल्पकाराने घडवलेलं धातूचं विलोचं झाड आहे, खाली झुकलेल्या फांद्यांचं. जवळ जाऊन बघा, त्याच्या पानांवर नावं आहेत. वारा आला की पानं एकमेकांवर आपटतात.

तिथून दोब रस्त्याने दोन-तीन मिनिटं चाललात की एका भिंतीतून बाहेर झुकलेली सोनेरी आकृती दिसेल. ती खाली पडलेल्या माणसाकडे लांबलचक कापड सोडते आहे. हे कार्ल लुट्झ यांचं स्मारक. लुट्झ बुडापेस्टमधले स्वित्झर्लंडचे उपवाणिज्यदूत. त्यांनी संरक्षणपत्रं वाटून हजारो ज्यूंना वाचवलं. पुढे कझिंत्सी रस्त्याला वळलं की ऑर्थोडॉक्स सिनेगॉग लागतं, १९१३ चं, आजही वापरातलं. घेट्टोच्या गोष्टीत हे सांगायचं राहून जातं म्हणून मुद्दाम सांगते. तिथे आजही माणसं प्रार्थनेला येतात. शुक्रवारी संध्याकाळी सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, सुरू होतो. प्रार्थनेला निघालेली कुटुंबं आणि एकसारख्या टी-शर्टवाली टोळकी एकाच फुटपाथवर येतात. ते दृश्य मी एकदा पाहिलं, पुन्हा बघायची इच्छा नाही.

एवढं चालून सिंप्लात बसलात की तुम्हाला ग्लास हातात धरायला अवघड वाटणार नाही असा माझा अंदाज आहे. मैत्रिणींना हे ‘इतिहासाची सहल’ म्हणून विकू नका, त्या येणार नाहीत. ‘बार उघडेपर्यंत जरा फिरू’ म्हणा.

आणखी एक. त्या गल्ल्यांत वरच्या मजल्यांवर अजून लोक राहतात. पहाटे तीनला खिडकीखाली गाणी म्हणणाऱ्यांचा त्यांना इतका जाच झाला की फेब्रुवारी २०१८ मध्ये सातव्या जिल्ह्यात सार्वमत घेतलं गेलं: बार मध्यरात्री बंद करायचे का? मतदान फारच कमी झालं, सार्वमत बाद ठरलं, जाच राहिला. तेव्हा आत काय हसायचं ते हसा, रस्त्यावर आलं की आवाज खाली. चौघी मराठी बायका एकत्र हसल्या की काय होतं ते मला माहीत आहे.

‘ग्लास आपटणं’ यावरून आठवलं. १८४८-४९ चा उठाव चिरडल्यावर ऑस्ट्रियाने ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराद इथे १३ हंगेरियन सेनानींना देहदंड दिला. तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटून आनंद साजरा केला, अशी आख्यायिका. त्यावर हंगेरियनांनी म्हणे शपथ घेतली, दीडशे वर्षं बिअरचे ग्लास आपटणार नाही. मुदत १९९९ मध्ये संपली, तरी जुनी माणसं अजून आपटत नाहीत. वाइनला चालतं, पालिंका नावाच्या तिथल्या दारूला चालतं, बिअरला नाही. नुसता ग्लास उंचावून डोळ्यांत बघायचं आणि ‘एगेश्शेगेद्रे’ म्हणायचं. तुमच्या प्रकृतीला, असा अर्थ. दोन पेयांनंतर हा शब्द म्हणता आला नाही की थांबायची वेळ झाली, असा माझा नियम.

आता काय प्यायचं. यादीवाली कॉकटेल मागेल. त्यापेक्षा फ्र्योच मागा: वाइनमध्ये सोडा, साधं आणि हलकं. त्यातही प्रकार आहेत आणि त्यांची नावंच ऐकण्यासारखी. एक डेसिलिटर वाइनला एक डेसिलिटर सोडा म्हणजे किशफ्र्योच, छोटा. एकाला दोन सोडा म्हणजे होस्सूलेपेश, अर्थात ‘लांब ढांग’. तीन वाइनला दोन सोडा म्हणजे हाझमेश्तेर, म्हणजे चाळीचा रखवालदार! बिचारा दिवसभर जिने झाडायचा, त्याला तेवढी लागणारच. चार तास बसायचं असेल तर लांब ढांग घ्या.

पालिंका ही फळांची दारू. आलुबुखार, जर्दाळू, नाशपाती, आंबट चेरी असे प्रकार. कायद्याने किमान ३७.५ टक्के अल्कोहोल, बहुतेक वेळा ४० किंवा वर. वास इतका गोड येतो की माणूस फसतो. मी जर्दाळूची एका दमात घेतली होती. डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेजारचे आजोबा ‘आता बरं वाटेल’ अशा नजरेने बघत राहिले. चौघींत एक मागवा, वास घ्या, घोटभर चाखा. उनिकुम नावाचा गोल बाटलीतला काळा औषधी काढा कुणी पुढे केला तर तोही चाखून बघा. चाळीसच्या वर वनस्पती त्यात असतात आणि चव बरोब्बर तशीच लागते.

न पिणारीची काळजी तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा कमी करा. त्या शहरात लिमोनादे हा गंभीर विषय आहे. मोठ्या पेल्यात ताजी फळं घालून देतात आणि ती पिणारी मोठी माणसं सगळीकडे दिसतात. रास्पबेरीचं किंवा बोद्झा (एल्डर) नावाच्या झुडपाच्या फुलांचं सरबत सोड्यात घालूनही मिळतं. त्याला स्योर्प म्हणतात. ‘काहीतरी घे ना’ हा आग्रह मात्र आधीच बंद करा, आणि तो तुम्ही करायचा, तिला करायला लावू नका. अजून एक: तिला सगळ्यांचं सामान सांभाळणारी, सगळ्यांना घरी नेणारी सोज्ज्वळ बाई करून टाकू नका. ती पीत नाही म्हणून ती तुमची ड्रायव्हर किंवा आई होत नाही. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ होती आणि ती अडचण म्हणून होती, हे मला जरा खटकलं.

तिच्या शाकाहाराचं सांगते. सिंप्लाच्या शेजारीच, १८ नंबरला, खाण्याच्या गाड्यांचं एक मोकळं आवार आहे. तिथे लांगोश मिळतो: आंबवलेल्या पिठाचा ताटाएवढा तळलेला भटुरा म्हणा, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघींत घ्या, संध्याकाळभर पोटाला आधार राहतो. जेवण मात्र बसून. अकात्सफा रस्त्यावर ४७ नंबरला ‘माझेल तोव’ आहे. तेही जुन्या पडक्या आवारातच, पण आत झाडं, दिव्यांच्या माळा, नीटनेटकी टेबलं. रुइन बारचे जुने भक्त त्याला नाकं मुरडतात, फार चकचकीत म्हणतात. मुरडू देत. हुमूस, फलाफल, भाजलेलं वांगं, पाठ टेकायला खुर्ची आणि गुडघ्याला विश्रांती, सत्तेचाळिशीत माणसाला आणखी काय लागतं? साडेसातचं टेबल आत्ताच राखून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघा. लावला असेल तर वेगळी टीप द्यायची गरज नाही.

जेवून झालं की यादीवाली म्हणेल, आता इन्स्टंट-फोगश. ते अगदी शेजारी आहे, ४९ ते ५१ नंबरला. दोन जुने बार २०१७ मध्ये एकत्र होऊन झालेलं भलंमोठं नाचघर, प्रत्येक खोलीत वेगळं संगीत. पण नऊ वाजता तिथे रिकाम्या खोल्यांत दिवे फिरत असतात, जान येते मध्यरात्रीकडे. तिला सांगा, शुक्रवारी तू आणि जिला नाचायचंय ती, दोघी जा, आम्ही दोघी झोपतो. चौघींनी सगळं एकत्रच केलं पाहिजे हा कॉलेजातला नियम होता. तो तिथेच ठेवा.

गुरुवारी त्याऐवजी हे करा. तिथून दोन-तीन मिनिटांवर मोठा वर्तुळाकार रस्ता आहे. त्यावरून ४ आणि ६ नंबरच्या पिवळ्या ट्राम धावतात. मार्गिट पुलाच्या दिशेची पकडा आणि पुलाआधी यासाई मारी चौकात उतरा. तिथून २ नंबरची ट्राम सुटते, अगदी नदीकाठाने. उजवीकडची खिडकी धरा. आधी पार्लमेंट, मग साखळी पूल, पलीकडे टेकडीवरचा राजवाडा, आणि सगळ्याचं प्रतिबिंब पाण्यात. नदीवरच्या जलसफरीचे लोक पुष्कळ पैसे घेतात. इथे ट्रामच्या तिकिटात तेच दिसतं आणि गुडघेवालीला बसायला मिळतं. त्या रात्रीतला हा भाग तुम्हाला सगळ्यात जास्त आठवेल, पैजेवर सांगते. यादीत तो नसेल, कारण तो बार नाही.

फोवाम चौकात उतरा. समोर १८९७ चा मोठा बाजार, रात्री बंद. त्याच्या समोर, वामहाझ रस्त्यावर, ‘फॉर सेल पब’. आत गेलात की भिंती दिसणारच नाहीत. छतापर्यंत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, गेल्या कित्येक वर्षांत येऊन गेलेल्यांनी लिहून चिकटवलेल्या. बसची तिकिटं, फोटो, नोटा, प्रेमपत्रं. जमिनीवर गवताचा पेंढा आणि शेंगांची टरफलं, कारण शेंगा खाऊन टरफलं खालीच टाकायची असतात. घरी कुणी असं केलं तर तुम्ही काय कराल याचा विचार न करता टाका. कागद-पेन पर्समध्ये असू द्या, मराठीत लिहा आणि चिकटवा. रात्रीचा शेवटचा ग्लास इथे, आणि दहाच्या आत पोचाल असं बघा.

झाले तीन. सिंप्ला, माझेल तोव, फॉर सेल. उरलेल्या आठांची नावं मला माहीत नाहीत, पण दोन-तीन ओळखू शकते. ए३८ असेल तर ती १९६८ मध्ये बांधलेली दगडवाहू युक्रेनियन बोट, आता नदीत कायमची नांगरलेली. तिथे चांगला कार्यक्रम असेल तरच जा, नुसतं प्यायला नको, लांब आहे. बुडाच्या टेकडीवर हिल्टनखालचं फाउस्ट नावाचं वाइनचं तळघर असेल तर ते दिवसाच्या किल्लादर्शनाला जोडा, आधी बोलून. सेचेन्यी स्नानगृहातली रात्रीची पार्टी असेल तर माझ्याकडून सरळ काट. गरम पाणी आणि दारू ही जोडी वाईट. रुदाश स्नानगृहाच्या तुर्की घुमटाखाली, तो सोळाव्या शतकातला आहे, शांतपणे भिजायला जा. शुद्धीत, आणि गुडघ्यालाही बरं वाटेल.

पैशांचं थोडक्यात. तिथे युरो नाही, फोरिंट. एका रुपयाला साधारण साडेतीन-चार फोरिंट धरा, म्हणजे हजारांतले आकडे बघून दचकायला होणार नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. एटीएम किंवा कार्ड यंत्र ‘रुपयांत पैसे कापू का’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा आणि फोरिंटच निवडा. मी घाईत एकदा हो म्हटलं होतं, त्या रात्रीचं जेवण दोनदा घेतल्यासारखं झालं. किमती न लिहिलेल्या मेनूच्या ठिकाणी बसू नका. वाचि रस्त्याच्या आसपास अनोळखी माणसं गोड बोलून ‘आमच्या ओळखीच्या बारमध्ये चला’ म्हणतात. हा जुना सापळा आहे. बहुतेक पुरुषांसाठी लावलेला असतो, पण बिल बायकांनाही तेवढंच येतं. ग्लास टेबलावर सोडून नाचायला जाऊ नका.

परतीचं. ६ नंबरची ट्राम रात्रभर धावते, म्हणून राहायची जागा तिच्या मार्गाजवळ बघा. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, नंतर रात्रीच्या बस आहेत. तिकीट यंत्रात टोचायला किंवा फोनवर चालू करायला विसरू नका. दंड रात्रीही होतो. टॅक्सी पिवळीच आणि अ‍ॅपवरूनच, दारात उभी असलेली नको.

आणि एक सांकेतिक वाक्य ठरवून घ्या. आमच्यात ‘मी कुकर लावून आलेय’ असं होतं. कुणीही, कुठल्याही क्षणी हे म्हटलं की कारण न विचारता पाच मिनिटांत सगळ्यांनी निघायचं. दमली, कंटाळली, कुणी अंगचटीला आलं, पोट बिघडलं, काहीही असो. गेल्या वेळी ते सगळ्यात आधी मीच म्हटलं, फॉर सेलमध्ये, सव्वाअकराला. पाय दुखत होते.

रविवारी सकाळी उशिरा उठा आणि परत कझिंत्सी १४ ला जा. सिंप्लात त्या दिवशी सकाळी शेतकरी बाजार भरतो. गुरुवारी जिथे तुम्ही फ्र्योच घेत होतात त्याच अंगणात चीज, मध, मुरंबे, भाज्या मांडलेल्या असतात आणि आज्या दर विचारत हिंडत असतात. कापडी पिशवी बरोबर ठेवा. न पिणारीला तिथे पुढे जाऊ द्या, भाव तीच करेल.

— तुमची सल्लागार ताई